फिलाडेल्फियातला सौदा

२०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली, तरी अध्यक्ष झाले ट्रम्प. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दोन्ही राज्यांचे सदस्य मात्र दोन-दोनच. आपल्याकडे याचं दर निवडणुकीला नवल वाटतं. या दोन्ही गोष्टींची मुळं १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिताना झालेल्या घासाघिशीत आहेत.

१७७६ मध्ये १३ वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला झुगारलं, ते मुळात करांवरून. साहजिकच त्यांनी आपलं पहिलं मध्यवर्ती सरकार मुद्दाम दुबळं ठेवलं. १७८१ मध्ये अमलात आलेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या पहिल्या करारनाम्यानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवता येत नसे, राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. कलमं बदलायची तर तेराही राज्यांचा होकार हवा. आयात मालावर ५ टक्के जकात लावण्याचा साधा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवून धरला.

या दुबळेपणाची किंमत मॅसॅच्युसेट्समध्ये कळली. युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी राज्याने जबर कर लावले. पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांच्या हातात रोकड नव्हती. जमिनी, गुरंढोरं जप्त होऊ लागली, कर्जदार तुरुंगात जाऊ लागले. यातले कित्येक जण स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेले. १७८६ मध्ये त्यांनी जमावाने जाऊन कोर्टं बंद पाडली. जानेवारी १७८७ मध्ये युद्धात कॅप्टन राहिलेल्या डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफा डागल्या गेल्या, चौघे मेले. बंड मोडायला काँग्रेसकडे ना पैसा, ना फौज. अखेर बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले, तेव्हा फौज उभी राहिली. शेतीवाडीत रमलेले जॉर्ज वॉशिंग्टनही या बातम्यांनी हादरले.

त्याच वर्षी २५ मे रोजी वॉशिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली फिलाडेल्फियात घटना परिषद सुरू झाली. एकूण ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. चर्चेतला शब्दही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा नियम होता. आत काय झालं हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी रोज बसून लिहिलेल्या टिपणांमुळे. ती १८४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली.

मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहान राज्यांना प्रत्येकी सारखं मत. परिषद इथेच फुटायची वेळ आली. कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी मध्यममार्ग काढला: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात सर्व राज्यं समान. १६ जुलैला मतदान झालं. पाच राज्यं बाजूने, चार विरोधात, मॅसॅच्युसेट्सची मतं दुभंगलेली. न्यूयॉर्कचे दोन प्रतिनिधी चिडून निघून गेलेले, न्यू हॅम्पशायरचे अजून पोचलेच नव्हते. सिनेट अशी एका मताने जन्माला आली.

त्याच ठरावातली दुसरी तडजोड लाजिरवाणी होती आणि ती तशीच सांगितली पाहिजे. लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची असं ठरलं. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियात सुमारे २ लाख ९२ हजार गुलाम होते. त्यांना मत नव्हतं, पण त्यांच्या जिवावर मालकांच्या राज्याला जागा जास्त. अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर नाही, तर राज्यवार निवडलेल्या इलेक्टर्सच्या मतांवर ठरतो; या इलेक्टर्सची संख्या काँग्रेसमधल्या जागांवरून ठरत असल्याने तिथेही तोच फायदा. एवढं करून ‘गुलाम’ हा शब्द मूळ घटनेत कुठेच येऊ दिला नाही. हा कलंक पुसायला यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती लागली. त्या मुक्तीची दखल पुण्यात घेतली गेली होती: महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे असावेत, हे तत्त्व माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताकडून आलं होतं. मॅडिसन यांनी त्यात माणसाच्या स्वभावाची भर घातली. सत्तेवरची माणसं देवदूत नसतात. तेव्हा एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने आवर घालावा. अध्यक्षाचा नकाराधिकार आणि तो दोन तृतीयांश मतांनी ओलांडण्याचा काँग्रेसचा हक्क, ही दोन्ही याच विचारातून आलेली हत्यारं आहेत.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन शेवटपर्यंत थांबले, पण सही केली नाही. नागरिकांच्या हक्कांची सनदच नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. घटना मंजुरीसाठी राज्यांकडे गेली, तेव्हा ही तक्रार राज्याराज्यांत उचलली गेली. न्यूयॉर्कमध्ये घटना ३० विरुद्ध २७ मतांनी जेमतेम तरली, तर ऱ्होड आयलंडने १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ ने मान तुकवली, तोवर वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं. आधी सनदेची गरज नाही म्हणणाऱ्या मॅडिसन यांनीच पुढे हक्कांच्या दुरुस्त्या मांडल्या, आणि त्यातल्या दहा १७९१ मध्ये मंजूर झाल्या. अर्थात त्या फक्त केंद्र सरकारला लागू होत्या. राज्यांनाही त्या हक्कांनी बांधून घेण्याचा रस्ता १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने उघडला.