कलमाच्या सांध्यातली साम्राज्यं

जूनअखेरीस पडवीत कोयकलमं बांधत बसलो होतो. बाहेर पाऊस लागला होता. पुतण्या शेजारी मोबाईल बघत होता, म्हणाला, "काका, ही बघा, जगातल्या सगळ्यात प्रभावी साम्राज्यांची यादी आलीय." यादी क्षेत्रफळावर लावलेली. ब्रिटिश पहिलं, साडेतीन कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास. मोंगोल दुसरं, सुमारे २ कोटी ४० लाख. पोर्तुगीजांचं नाव पार तळाला. मी हातातली काडी खाली ठेवली, कारण मी करत होतो तेच काम या यादीला उत्तर देत होतं.

जमीन किती जिंकली यावरून प्रभाव कळतो, असं मला वाटत नाही. माझी कसोटी अशी की त्या साम्राज्याचा शेवटचा शिपाई गेल्यानंतर, कुणीही हुकूम न देता, इथे काय वाढत राहिलं ते बघायचं. कोकणासारखी याची प्रयोगशाळा दुसरी मिळणार नाही. मोसमी वाऱ्यावर गलबतं हाकणारी बहुतेक सगळी माणसं कधी ना कधी या किनाऱ्याला लागली आहेत.

अशोकाचं राज्य इथवर होतं. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पण मधली कित्येक शतकं ती लिपी वाचणारा माणूसच उरला नव्हता. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली म्हणून तो दगड बोलला. ग्रीकांचं उलट. सिकंदराचं सैन्य कोकणच्या जवळपासही आलं नाही, तरी त्यांचं नाणं 'द्राख्मा' कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत 'द्रम्म' होऊन बसलं आणि आज बाजारात आपण बांगड्याचा 'दाम' विचारतो. माझ्या हातातलं 'कलम'ही मूळचं ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू. अरबी-फारसीतून ते मराठीत आलं आणि लेखणी, कायद्याचं कलम, आंब्याचं कलम असे तीन अर्थ घेऊन राहिलं.

आता आंब्याकडे येतो, कारण सगळं गुपित तिथे आहे.

हापूसची कोय रुजवली तर झाड येतं, हापूस येत नाही. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात, २० जोड्या. बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. म्हणजे एका झाडाकडून येऊ शकणाऱ्या तऱ्हा दोनाचा विसावा घात, १०,४८,५७६. परागाकडूनही तेवढ्याच. दोन्हींचा गुणाकार लाख कोटींच्या वर जातो, आणि यात गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात ते धरलेलंच नाही. आग्नेय आशियातल्या आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्याही काही जातींत एका कोयीत अनेक भ्रूण असतात, त्यांतले बरेचसे थेट आईच्या पेशींतून वाढतात आणि हुबेहूब आईसारखे निघतात. हापूसच्या कोयीत भ्रूण एकच, तोही संकरातून आलेला. म्हणून देवगडपासून पालघरपर्यंतची हापूसची झाडं ही खरं तर एकाच जुन्या झाडाच्या फांद्या आहेत, वेगवेगळ्या खुंटांवर उभ्या केलेल्या.

खुंट म्हणजे रायवळ आंब्याची कोय, रुजून जेमतेम दोन आठवडे झालेली, पानं अजून तांबूस असलेली. तिचा शेंडा उडवून मधोमध उभी चीर द्यायची. हापूसची तीन-चार महिन्यांची काडी घ्यायची. तिची पानं आठवडाभर आधी देठ ठेवून कापलेली असतात, म्हणजे डोळा फुगतो. काडीच्या बुडाला पाचर तासून ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधायची. हाताला येणारं काम एवढंच. पुढचं आत घडतं.

साल आणि लाकूड यांच्या मधे कॅम्बियम नावाचा अगदी पातळ थर असतो. त्याच्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. आतल्या अंगाला जलवाहिन्या बनवतात, बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या. चाकू लागला की कापलेल्या पेशी मरतात. त्यांच्या खालच्या जिवंत पेशी मात्र आपलं ठरलेलं काम विसरून नुसत्या वाढू लागतात आणि कॅलस नावाचा मऊ, पांढरट गोळा तयार होतो. काडीचा आणि खुंटाचा असे दोन्ही कॅलस एकमेकांत घुसतात. तरीही हा फक्त चिकटलेला सांधा असतो, त्यातून पाणी वाहत नाही.

वाट पाडतं ऑक्सिन. काडीच्या फुगलेल्या डोळ्यात हे संप्रेरक बनतं आणि वरून खाली वाहतं. प्रत्येक पेशीच्या खालच्या टोकाला प्रथिनांचे पंप असतात, ते ऑक्सिन पुढच्या पेशीत ढकलतात. कॅलसमध्ये सुरुवातीला दिशाच नसते. पण ज्या रांगेतून थोडं जास्त ऑक्सिन झिरपतं, त्या रांगेत पंप वाढतात. पंप वाढले की ऑक्सिन आणखी ओढलं जातं, आणि शेवटी त्याच पेशी वाहिन्यांत बदलतात. पहिल्या पावसात कातळावर पाणी कसं वाहतं ते आठवा. एक ओहोळ वाट धरतो आणि बाकीचं पाणी त्याच वाटेला लागतं. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर झालेल्या प्रयोगांत रसवाहिन्या आधी जुळल्या, जलवाहिन्या नंतर. म्हणजे कित्येक दिवस ती काडी खालून जवळजवळ पाण्याविना असते, हवेतल्या ओलाव्यावर तगते. आमच्याकडे काही जण मुहूर्त बघून कलमं बांधतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे की कॅम्बियमला तिथी कळत नाही, त्याला ओल कळते. अमावास्येला बांधा, पण पावसात बांधा.

आता हे तंत्र आणलं कुणी? पोर्तुगीजांनी शिकवलं, असं एक टोक. आपल्याला हजारो वर्षं सगळंच ठाऊक होतं, असं दुसरं. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बसवायची कृती आहे, हे खरंच. पण आंब्याच्या झाडांतून एकेक निवडून, नाव देऊन, कलमांनी त्याचीच वंशवेल चालवायचा उद्योग या किनाऱ्यावर फोफावला तो गोव्यात पोर्तुगीज आल्यावर. हापूसचं नाव गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकर्कवरून पडलं असं सर्रास सांगतात. तो १५१५ सालीच वारला. सतराव्या शतकात गोव्याचे आंबे चाखलेल्या मनुची या प्रवाशाने 'निकुलाव आफोंसो'चे आंबे असं नाव नोंदवलंय. मला हा निकुलाव जास्त पटतो. सेनापतीपेक्षा बागायतदाराचं नाव फळाला लागणं साहजिक आहे.

पोर्तुगालची वस्ती त्या काळी पंधरा लाखांच्या आत-बाहेर. एवढ्याशा देशाची भाषा आपल्या घरात चावी, बालदी, घमेलं, परात, पगार, लिलाव आणि मेस्त्री होऊन राहिली. वसई १७३९ साली चिमाजीअप्पांनी घेतली, चौल-रेवदंडाही लगोलग गेलं, तरी रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजही घरात बोलली जाते. गोव्यात १५६० साली आणलेलं, धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून शिक्षा देणारं धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) मात्र १८१२ साली कायमचं बंद झालं. दहशतीला पहारेकरी लागतात. कलमाला लागत नाहीत.

ब्रिटिशांचा ठसा कचेऱ्यांत, कायद्यात, इंग्रजी शाळेत आहे आणि तो मोठा आहे. रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघितला की त्यांची ताकद कळते. ब्रह्मदेशाचा राजा उचलून इथे ठेवला, आणि तो १९१६ साली इथेच वारला. मोंगोलांचा घोडा मात्र इथे पोचला नाही. त्यांच्या २ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांचं आमच्या परसात काहीच दिसत नाही.

काजू बघा. मूळ ब्राझीलचा, नावही तिथल्या तुपी लोकांच्या 'अकाजू'वरून, पोर्तुगीज जहाजांतून आलेला. आंबा आणि काजू एकाच कुळातले, आपला बिब्बाही त्याच कुळातला. तिघांचा चीक अंगावर उठतो तो त्यामुळेच.

पुतण्याने यादी मिटवली आणि समोरच्या माडाकडे बघत विचारलं, "मग काका, माडाचं कलम का नाही बांधत?" माडाला आणि पोफळीला कॅम्बियमचं कडंच नसतं. त्यांच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या, त्यामुळे दोन तुकडे जुळायला जागाच नाही. माड जातो तो नारळातूनच. आणि गेलाही तसाच. नारळाच्या जनुकांच्या अभ्यासात त्याचे दोन मोठे गट सापडले, एक पॅसिफिकचा आणि एक हिंदी महासागराकडचा. अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे नारळ या दुसऱ्या गटातले निघाले. वास्को द गामानंतरच्या पोर्तुगीज जहाजांनी ते आधी पश्चिम आफ्रिकेला नेले आणि तिथून पलीकडे. तेव्हा काजू ब्राझीलहून इकडे आला आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावर जो माड उभा आहे, त्याचे पूर्वज आपल्या समुद्राकाठचे.