प्रथिनांचा डबा नवशिक्यापर्यंत कसा पोहोचला

स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात, तेव्हा ते वाढवायचे तर प्रथिनेच खावीत, हा तर्क इतका सरळ आहे की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने त्याला शास्त्राचे वजन मिळवून दिले. स्नायूंचे काम त्यांच्यातील प्रथिने खर्ची पडूनच होते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १८६५ मध्ये त्याच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी कंपनी उभी राहिली.

त्याच वर्षी या प्रतिपादनाची परीक्षाही झाली. झुरिकचे दोन प्राध्यापक, आडोल्फ फिक आणि योहान्नेस विस्लिसेनुस, आल्प्समधील फाउलहॉर्न हे शिखर चढून गेले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली होती. पिष्टाच्या, चरबीत तळलेल्या टिकिया आणि साखर घातलेला चहा एवढ्यावर त्यांनी सुमारे १,९५० मीटरांची चढण पार केली. वाटेत आणि नंतरही लघवी साठवून, प्रथिने जळल्यावर तिच्यात उतरणारा नायट्रोजन मोजला, तेव्हा शरीरात जळलेली प्रथिने इतकी थोडी निघाली की चढणीला लागलेल्या कामाचा हिशेब त्यांतून लागेना. काम कर्बोदके आणि चरबीवर चालते, हे यातून पुढे आले. प्रथिने स्नायू घडवण्यासाठी लागतात, त्यांना पळवण्यासाठी नव्हे, हा भेद मात्र बाजाराने कधी मनावर घेतला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०५ च्या सुमारास भारतातही ताकदीचे खेळ करून गेलेला शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो 'प्लाझमॉन' या दुधाच्या प्रथिनांच्या भुकटीची भलामण करीत असे. आपल्या तालमीतला पैलवान तेव्हा दूध, बदाम, तूप आणि थंडाईवर होता. त्याच्या खुराकाला जाहिरात लागत नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेत वजने विकणाऱ्या बॉब हॉफमन याने आपल्याच मासिकातून 'हाय-प्रोटीन' नावाची, मुख्यतः सोयाबीनच्या पिठाची भुकटी खपवायला सुरुवात केली. वजने, मासिक आणि डबा एकाच हातात आल्याने व्यायामाचा सल्ला आणि विक्री यांतली सीमा पुसली गेली. चीज करताना उरणारी, एके काळी नद्यांत सोडली जाणारी निवळी गाळून तिच्यातील प्रथिने वेगळी करणे नंतरच्या दशकांत शक्य झाले आणि आजचा व्हे प्रोटीनचा डबा तयार झाला.

डब्याला श्रेय मिळण्याचे कारण नवशिक्याच्या शरीरातच आहे. मोरितानी आणि डी व्रीस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवले की पहिल्या काही आठवड्यांतली ताकदवाढ प्रामुख्याने चेतासंस्थेच्या जुळवणीमुळे होते आणि स्नायूंची जाडी नंतर पुढे सरसावते. म्हणजे महिन्याभरात बारवर चढलेल्या जादा प्लेटा बहुतांशी मेंदू आणि मज्जातंतूंच्या सरावाची कमाई असते. पण डबाही त्याच महिन्यात उघडलेला असतो. २०१८ मध्ये ४९ चाचण्यांतील १,८६३ जणांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा पूरक प्रथिनांमुळे चरबीविरहित वजनात पडलेली सरासरी भर केवळ ०.३ किलो निघाली, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एकूण सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे अधिक लाभ दिसला नाही, आणि जो लाभ होता तो नवख्यांपेक्षा सरावलेल्यांत जास्त होता. डब्याचे गिऱ्हाईक नेमके उलट्या टोकाला असते!

क्रिएटीनची गोष्ट वेगळी आहे, आणि ती अधिक प्रामाणिकही आहे. १८३२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने मांसात शोधलेला हा पदार्थ तोंडाने घेतल्यास स्नायूंतील त्याचा साठा वाढतो, हे हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले; आहारातून तो जवळजवळ मिळतच नसल्याने शाकाहाऱ्यांत हा साठा मुळात कमी असतो. जड वजन सलग उचलण्याची एखाददुसरी खेप त्याने खरोखर वाढते, मात्र पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारा किलोभर फरक बहुतेक पाण्याचा असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत असे म्हटले असून, त्यासाठी १.६ ग्रॅमच्या त्याच मर्यादेचा आधार घेतला आहे.