‘सुडो वाइन’ची सवय आली कुठून?

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातला वजनकाटा घ्या. काट्याचा आकडा सिरीयल केबलमधून संगणकावर येतो आणि पावती छापणारा प्रोग्राम जुन्या विंडोजसाठी लिहिलेला असतो. असा संगणक लिनक्सवर नेला, प्रोग्राम वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे सॉफ्टवेअर) चालवला, की पहिल्याच दिवशी ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. मग कोणीतरी सांगतो, कमांडच्या पुढे सुडो लाव, म्हणजे ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्काने चालेल. हा सल्ला चुकीचा आहे, पण त्यामागे इतिहास आहे.

युनिक्समध्ये 1970 च्या दशकापासून प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर अशा परवानगीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि लिनक्सने तीच पद्धत घेतली. रूटला मात्र कुठेच अडवत नाहीत. विंडोज 95 च्या फॅट पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर फाइलला मालकच नव्हता. 1993 च्या विंडोज एनटीने एनटीएफएस या नव्या फाइल मांडणीबरोबर बारकाईच्या परवानग्या आणल्या खऱ्या, पण विंडोज एक्सपीपर्यंत घरोघरी सगळे प्रशासक म्हणूनच बसत. त्यामुळे प्रोग्राम लिहिणारेही बिनधास्त ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरातच नोंदी ठेवत. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा परवानगी विचारू लागला, तेव्हा लोक वैतागले ते उगाच नव्हे.

वाइनचे कामही 1993 मध्येच सुरू झाले. वाइनची सी ड्राइव्ह म्हणजे तुमच्या होममधल्या (लिनक्सवरच्या तुमच्या खासगी फोल्डरातल्या) डॉट-वाइन फोल्डरातले एक साधे फोल्डर. तिथले सगळे तुमच्याच मालकीचे, म्हणून प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला रूट लागत नाही. उलट झेड ड्राइव्ह हा लिनक्सच्या मूळ डिरेक्टरीकडे नेणारा दुवा असतो. रूट होऊन चालवलेला विंडोज प्रोग्राम, किंवा त्यासोबत आलेला व्हायरस, तिथून अख्खी यंत्रणा पुसू शकतो.

शिवाय सुडोने काम होतेच असे नाही. पूर्वी उबंटूत (लिनक्सची एक आवृत्ती) सुडो तुमचेच होम वापरायचा, आणि फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचे दिसताच वाइन नकार द्यायचे. उबंटू 19.10 पासून सुडो रूटचे होम घेतो. तिथे नवे, रिकामे डॉट-वाइन तयार होते आणि ‘कालचा डेटा गेला कुठे?’ अशी शोधाशोध सुरू होते. सुडोने सी ड्राइव्हमध्ये फाइली कॉपी केल्या असतील तर त्या रूटच्याच राहतात. त्या परत मिळवायला चाऊन ही मालकी बदलणारी कमांड डॉट-वाइनवर चालवा, हायफन एच आणि कॅपिटल आर लावून. एच असला की झेडसारख्या दुव्यांची मालकी बदलते, ते जिकडे बोट दाखवतात तिकडची नाही.

काट्याची खरी अडचण वेगळीच असते. लिनक्समध्ये पोर्टही फाइलच्या रूपात दिसतो. यूएसबी-सिरीयल पोर्टची फाइल रूट आणि डायलआउट गटाच्या मालकीची असते, परवानगी 660, म्हणजे त्या दोघांनाच वाचता-लिहिता येते. (आर्च या लिनक्सवर त्या गटाचे नाव यूयूसीपी.) स्वतःला त्या गटात घाला, पण गट बदलणाऱ्या यूजरमॉड कमांडला कॅपिटल जीसोबत छोटा ए द्यायला विसरू नका, नाहीतर बाकीच्या गटांतून, सुडोच्याही, बाहेर पडाल. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते. केबलसोबत आलेल्या सीडीतला विंडोज ड्रायव्हर वाइनमध्ये टाकू नका, ते काम लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, करते.

एवढे करूनही पोर्ट दिसला नाही तर पोर्टचा क्रमांक बघा. विंडोज प्रोग्रामला पोर्ट कॉम1, कॉम2 अशा नावांनी दिसतात. उबंटूवर सिरीयल पोर्टच्या 32 जागा आधीच मोजलेल्या असतात, त्यामुळे यूएसबी पोर्टला बहुधा कॉम33 मिळतो, आणि जुना प्रोग्राम तर कॉम4 च्या पुढे मोजतच नाही. वाइनच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवणाऱ्या नोंदवहीत) एचकेएलएमखाली सॉफ्टवेअर, वाइन, पोर्ट्स इथे कॉम1 नावाची स्ट्रिंग करून तिच्यात पोर्टच्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहा आणि वाइनसर्व्हर (वाइनचा मागे चालणारा प्रोग्राम) बंद करून पुन्हा चालू करा.