‘गर्दुल्ला’ या शब्दाचं ओझं

१९८०च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर पसरलं. मातकट रंगाच्या या अर्धवट शुद्ध हेरॉइनला नाव पडलं ‘गर्द’. फारसीत गर्द म्हणजे धूळ. चांदीच्या कागदावर चिमूटभर पूड, खाली काडी, वर नळी. ओढणारा झाला ‘गर्दुल्ला’.

या शब्दाने फार नुकसान केलं आहे. तो उच्चारताच पुलाखाली पडलेला, चोऱ्या करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, पंधरा वर्षांचं आजारी पोर येत नाही. त्यामुळे पाकिटातले कमी झालेले पैसे, बाथरूममध्ये सापडलेला जळका कागद, हे सगळं आई पोटात ठेवते. नातेवाइकांत बभ्रा नको, मोठीचं लग्न व्हायचंय. उपचाराच्या दारात पोचेपर्यंत वर्षं निघून जातात आणि तोवर धाकट्या भावंडाचीही झोप उडालेली असते. त्यापेक्षा आपला जुना शब्द ‘व्यसन’ बरा. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असाही आहे, आणि संकट आलेल्या घराकडे माणसं धावून जातात.

कायद्यानेही आधी आरोपीच पाहिला. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात हेरॉइन ओढणाऱ्यालाही एक वर्षापर्यंत कैद होती. कलम ६४अ आलं १९८९मध्ये: व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला, तर खटल्यापासून संरक्षण; उपचार अर्धवट सोडले, तर ते जाऊ शकतं. घरच्यांसाठी या कायद्यातली सगळ्यात कामाची ओळ हीच, पण शाळेच्या पालकसभेत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढे एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची रासायनिक नशा आली, टोपणनाव ‘म्याऊ म्याऊ’. झोप उडते, भूक मरते. परीक्षेच्या दिवसांत घरच्यांना वाटतं, पोरगं अभ्यासाला जागतंय. फेब्रुवारी २०१५पर्यंत ते बंदीच्या यादीतच नव्हतं.

डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांमधल्या नशेची राष्ट्रीय पाहणी करायला सांगितलं. २०१९मध्ये आकडे आले. हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. मुलं मोठ्यांच्या पुढे गेलेला हा एकच प्रकार: पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर. रुमालावर ओतायचं, नाकाशी धरायचं. वास शर्टाला राहतो, आणि घरी विचारलं तर सायकलचं पंक्चर काढलं हे उत्तर तयार असतं.