हद्द आणि सरहद्द

राज्याची हद्द असो की देशाची सरहद्द, सोलापुरात आपण दोन्हींना 'बॉर्डर'च म्हणतो. विजयपूर रस्त्यावर टाकळीजवळ भीमा ओलांडली की बॉर्डर लागली, आणि नेपाळला जाताना बिहारमधल्या रक्सौलला लागते तीही बॉर्डर. दोन्हीकडचं जगणं दिसतंही सारखं. आपल्याकडे बाजारात मराठीइतकीच कन्नडमध्ये घासाघीस चालते. रक्सौल आणि पलीकडचं वीरगंज दोन्ही भोजपुरी बोलतात. आपण गाणगापूरला दत्ताच्या पायी जातो, बिहारमधले लोक जनकपूरला सीतेच्या माहेरी. सोयरीक तर दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची. तिकडे या नात्याला 'रोटी-बेटी' म्हणतात.

म्हणूनच गल्लत होते. 'नेपाळची सीमा खुली आहे' हे खरं, पण ती खुली आहे माणसांना. १९५० च्या करारामुळे भारतीयांना आणि नेपाळी लोकांना एकमेकांच्या देशात व्हिसा लागत नाही. माल मात्र भन्सारवर, म्हणजे नेपाळच्या जकात नाक्यावर थांबतो. चलनही बदलतं: १९९३ पासून भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. इकडे कर्नाटकातल्या इंडी-अफझलपूरचा कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो तेव्हा त्याला असलं काहीच आडवं येत नाही. बाकीच्या मालाचंही तसंच. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून करासाठी नाक्यावर थांबणं संपलं. दारूला तेवढी राज्याची हद्दही अडवते, कारण तिचं उत्पादन शुल्क राज्याचं.

सरहद्दीवरचं नातं किती नाजूक असतं, ते २०१५ मध्ये दिसलं. नेपाळची नवी राज्यघटना आली, मधेशी, म्हणजे भारताला लागून असलेल्या नेपाळच्या सपाट भागातल्या लोकांचं आंदोलन पेटलं आणि वीरगंजचा रस्ता काही महिने बंद पडला. स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, औषधं, सगळ्याचा तुटवडा. भाषा एक, देव एक, पाहुणे एक, तरी चूल विझली. बेळगावच्या वादात आपल्या एसटी थांबतात तेव्हा जीव कासावीस होतो. पण त्यापायी कुणाचा सिलिंडर अडत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते लेकीचं. सोलापूरची मुलगी इंडीला दिली तर रेशनकार्ड बदलतं, मतदारयादीतलं गाव बदलतं. रक्सौलची मुलगी वीरगंजला दिली तर तिथली नागरिक व्हायला तिला नेपाळचं अंगीकृत, म्हणजे जन्माने नव्हे तर अर्ज करून मिळणारं नागरिकत्व घ्यावं लागतं, त्यासाठी भारताचं सोडावं लागतं. आणि अंगीकृत नागरिकाला तिथे राष्ट्रपती किंवा पंतप्रधान होता येत नाही. इंडीला गेलेल्या आपल्या लेकीला कर्नाटकची मुख्यमंत्री व्हायलाही कायद्याची आडकाठी नाही.