लेखन, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण मुक्त परवान्याखाली कसे द्यावे : पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

अमळनेर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी काही काळापूर्वी माझ्या हातात एक वही ठेवली. जुन्या कॅलेंडरच्या पानाचे वेष्टन, आत निळ्या शाईत आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, आखाजीची आणि कानबाईची गाणी, आणि समासात प्रत्येक अहिराणी शब्दाचा अर्थ लिहिलेला. सोबत २००३ साली निघालेली, आता कुठेही न मिळणारी त्यांची शब्दसंग्रहाची पुस्तिकाही होती. हे सगळे कोणालाही वाचता, छापता आणि शाळेत वापरता यावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा, असा त्यांचा प्रश्न होता. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून हाच प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

मुक्त परवाना म्हणजे आपली कृती ठरलेल्या अटींवर कोणालाही, दर वेळी न विचारता वापरू देण्याची लेखी परवानगी. ती देण्यासाठी कोणत्याही सरकारी कार्यालयात अर्ज करावा लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही आणि कोणाची मंजुरीही लागत नाही. आपल्याकडचा कायदा म्हणजे कॉपीराइट अधिनियम, १९५७. त्याच्या कलम ३० नुसार हक्काचा मालक आपल्या कृतीच्या वापराचा परवाना लेखी स्वरूपात देऊ शकतो. पूर्वी या कलमात ‘सही केलेला लेख’ अशी अट होती. २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट निघाली आणि केवळ लेखी असणे पुरेसे ठरले, त्यामुळे संकेतस्थळावर किंवा पुस्तकाच्या पानावर लिहिलेल्या परवान्याला कायद्यात अधिक स्पष्ट जागा मिळाली. स्टॅम्पपेपर किंवा नोटरीचा शिक्का ही या कलमाची अट नाही.

परवान्याचा मजकूर आपण स्वतः तयार करण्याची गरज नाही, आणि करूही नये. क्रिएटिव्ह कॉमन्स या २००१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये तयार परवान्यांचा पहिला संच प्रसिद्ध केला. भारतीय कायद्याशी जुळवून घेतलेली २.५ ही आवृत्ती २००७ मध्ये मुंबईच्या आयआयटीत जाहीर झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेली ४.० ही आवृत्ती सर्व देशांसाठी एकच असल्याने आज नवीन कृतीसाठी तीच वापरावी. २०१३ मध्येच केंद्र सरकारने शालेय शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार सुरू केले आणि त्यातील साहित्यासाठी ‘श्रेय–समान वाटप’ (मूळ कर्त्याचे नाव द्यावे आणि बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी) हा परवाना स्वीकारला. प्रथम बुक्स या बालसाहित्य प्रकाशन संस्थेचे स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी ‘श्रेय’ (फक्त नाव देण्याची अट असलेल्या) परवान्याखाली देते. मराठी विकिपीडियावरचा मजकूरही ‘श्रेय–समान वाटप’ परवान्याखाली आहे. म्हणजे हा मार्ग आपल्या देशात चांगला रुळलेला आहे. खान्देशातील सामग्री मात्र त्यावर अजून फार थोडी आली आहे, आणि मला त्याचीच खंत वाटते.

पात्रता : हक्क कोणाचा?

परवाना देण्यास पात्र तोच, ज्याच्याकडे त्या कृतीचा कॉपीराइट आहे. वय, शिक्षण, प्रकाशित पुस्तकांची संख्या यांपैकी कशाचीही अट नाही. मात्र अज्ञान (१८ वर्षांखालील) व्यक्तीच्या वतीने पालकांनी संमती द्यावी. कठीण भाग आहे तो हक्क नेमका कोणाचा हे ठरवण्याचा, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच अडतात.

सर्वसाधारण नियम असा की ज्याने लिहिले, काढले किंवा रचले तो पहिला मालक. कलम १७ मध्ये याला अपवाद आहेत. लग्नाचे किंवा घराण्याचे छायाचित्र पैसे देऊन काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क छायाचित्रकाराचा नसून काम सांगणाऱ्याचा असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, उलट करार नसल्यास, मालक संस्थेकडे जातो. शासनाच्या कामासाठी केलेली कृती शासनाची ठरते. वर्तमानपत्राच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाकडे आणि उरलेला लेखकाकडे, अशी विभागणी कायद्याने केली आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अनेक वार्ताहर नोकरीवर नसून मानधनावर काम करतात; त्यांना हा अपवाद सरसकट लागू होत नाही, म्हणून त्यांनी आपल्या नेमणुकीचे पत्र आधी काढून वाचावे.

पुस्तक छापून झालेले असेल तर प्रकाशकाला काय लिहून दिले ते पाहावे लागते. येथे कलम १९ मधील एक तरतूद फार उपयोगाची आहे आणि ती फार थोड्या लेखकांना ठाऊक असते. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली, आणि ती अमलात येण्यापूर्वीच्या करारांना लागू नाही. वर सांगितलेल्या शिक्षकांची समजूत अशी होती की पुस्तिकेचे ‘सगळे हक्क’ प्रकाशकाकडे कायमचे गेले. त्यांनी ट्रंकेतून शोधून काढलेले पत्र एकाच पानाचे निघाले. त्यात प्रतींची संख्या होती, मोबदला होता, दोघांच्या सह्या होत्या. मुदतीचा उल्लेख कुठेही नव्हता. पत्र २००३ चे, म्हणजे पाच वर्षे २००८ मध्येच संपली होती आणि हक्क लेखकाकडे केव्हाच परतला होता. वीस वर्षे ज्या पुस्तिकेची एक प्रतही त्यांनी कोणाला झेरॉक्स करू दिली नव्हती, ती त्यांचीच होती.

लेखक हयात नसल्यास त्याचे वारस पात्र ठरतात, आणि वारस अनेक असतील तर सर्वांची संमती लागते. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ही मुदत उलटली की परवान्याचा प्रश्नच उरत नाही, कृती सर्वांची होते. अमळनेरला अध्यापन केलेल्या साने गुरुजींचे निधन जून १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांचे हयातीत प्रकाशित झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. धरणगावचे बालकवी १९१८ मध्येच गेले. बहिणाबाई चौधरींचे निधन डिसेंबर १९५१ चे, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रकाशित कृतीची ६० वर्षे प्रकाशनानंतर मोजतात, तरी तो काळही २०१२ अखेर संपला. मात्र त्यांच्या गाण्यांच्या नव्या आवृत्तीतील टिपा, प्रस्तावना, चित्रे आणि अलीकडचे भाषांतर यांचे हक्क ज्यांचे त्यांच्याकडे असतात, हे विसरू नये.

लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणात तीन वेगळे हक्क एकत्र येतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओवीवर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही. पण गाणाऱ्या बाईने स्वतः जोडलेली ओवी असेल तर ती तिची. गाणारीला कलम ३८ खाली कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार घेऊन केले त्याचा त्या मुद्रणावर हक्क असतो. म्हणून फक्त मोबाइल हातात धरला म्हणून आपण एकटे परवाना देऊ शकत नाही. ज्या माउलीने पहाटे उठून गाऊन दाखवले तिची संमती घेणे हे कायद्याचे कर्तव्य आहेच, पण तिचे नाव श्रेयात लागावे यासाठीही ते मला अत्यावश्यक वाटते; आपल्याकडच्या कितीतरी संग्रहांत गाणाऱ्यांची नावेच नाहीत.

परवाना निवडणे

परवाने सहा आहेत, आणि ते चार अटींच्या जुळणीतून होतात : श्रेय द्यावे, बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी, व्यापारी वापर करू नये, बदललेली आवृत्ती प्रसारित करू नये. श्रेयाची अट सहाही परवान्यांत आहे. बहुतेकांना ‘अव्यापारी’ हा शब्द सुरक्षित वाटतो. माझे मत वेगळे आहे. ‘अव्यापारी’ किंवा ‘बदल नको’ असे लिहिलेली सामग्री विकिपीडिया आणि विकिमीडिया कॉमन्स (मुक्त छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे साठवणारे विकिपीडियाचे भावंड संकेतस्थळ) स्वीकारत नाहीत, आणि छापून दहा-वीस रुपयांना पुस्तिका विकणाऱ्या गावातल्या छोट्या प्रकाशकालाही ती वापरता येईल की नाही याची शंका राहते. अहिराणी शब्दसंग्रहासारख्या सामग्रीसाठी ‘श्रेय–समान वाटप ४.०’ हा परवाना मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यातून पुढे तयार होणारे कोशही खुले राहतात.

निवड करण्यापूर्वी हे नीट समजून घ्यावे की परवाना मागे घेता येत नाही. आपण आपल्या बाजूने कृती देणे थांबवू शकता, पण ज्यांना ती आधी मिळाली त्यांचा परवाना कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत चालू राहतो. मालकी मात्र आपलीच राहते. कलम ५७ नुसार लेखकाला आपले नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विकृतीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क असतो. परवाना देताना ४.० च्या मजकुराप्रमाणे आपण इतकेच मान्य करता की परवानगीच्या चौकटीतील वापर या हक्कांच्या आधारे अडवणार नाही. कोणाला कॉपीराइट पूर्णपणे सोडूनच द्यायचा असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आहे : कलम २१ नुसार कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात सूचना देऊन किंवा जाहीर सूचना देऊन लेखक हक्कत्याग करू शकतो.

कागदपत्रे

कोणी मागत नसली तरी पुढील कागदपत्रांची एक फाइल घरी तयार ठेवावी. हस्तलिखित किंवा मूळ छायाचित्राची कॅमेऱ्यातली फाइल, प्रकाशकाचे पत्र किंवा करार, सहलेखक आणि चित्रकार यांची लेखी संमती, गाणाऱ्यांची संमती. लेखक दिवंगत असल्यास मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत, वारसा सिद्ध करणारा कागद आणि सर्व वारसांचे संमतीपत्र. जिला लिहिता-वाचता येत नाही अशा गाणारीला मजकूर अहिराणीत, भिलीत किंवा तिच्या बोलीत वाचून दाखवावा, अंगठा घ्यावा, आणि तिचा होकार त्याच मुद्रणाच्या सुरुवातीला आवाजातही नोंदवावा.

संमतीपत्र साधे असावे. त्यात इतके पुरे : ‘मी (नाव, गाव) या कृतीची लेखक व हक्कधारक आहे. ही कृती मी क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेय–समान वाटप ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली देत आहे. योग्य श्रेय देऊन कोणीही, व्यापारी कारणासाठीसुद्धा, ती वापरू व बदलू शकेल आणि हा परवाना मागे घेता येणार नाही, हे मला समजले आहे.’ खाली तारीख, स्थळ आणि सही.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. हक्क कृती निर्माण होताच मिळतो. वादात पुरावा म्हणून नोंदणी हवी असल्यास नवी दिल्लीतील कॉपीराइट कार्यालयाकडे नमुना १४ मध्ये ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि अर्जाचा डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवसांचा अवधी ठेवलेला असतो.

प्रत्यक्ष पद्धत

पुस्तक असेल तर मुद्रणतपशिलाच्या पानावरचे ‘सर्व हक्क सुरक्षित’ हे शब्द काढून तेथे नाव, वर्ष, परवान्याचे पूर्ण नाव, आवृत्ती क्रमांक आणि परवान्याच्या पानाचा दुवा लिहावा. ‘हे मुक्त आहे’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही, कारण त्यातून काय करता येते हे वाचणाऱ्याला कळत नाही. पुस्तकातील एखादे चित्र दुसऱ्याचे असेल तर ते परवान्यातून वगळले आहे असे त्याच पानावर नोंदवावे. ध्वनिमुद्रणासोबत गाणारीचे नाव, गाव आणि तारीख यांची नोंद जोडावी.

लळिंगचा किल्ला, तोरणमाळचा तलाव, रावेर-यावलमधली केळीची बाग अशी आपण स्वतः काढलेली आणि कुठेही प्रसिद्ध न केलेली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर खाते उघडून थेट चढवता येतात. चढवताना ‘स्वतःचे काम’ हा पर्याय आणि परवाना निवडावा. आधी पुस्तकात, वर्तमानपत्रात किंवा संकेतस्थळावर आलेली कृती असेल तर हक्कधारकाने ईमेलने परवानगी कळवावी लागते. तेथील स्वयंसेवक ती तपासून क्रमांक देतात आणि तो क्रमांक फाइलच्या पानावर लागतो. ईमेल लेखकाच्याच पत्त्यावरून जावा. नातवाच्या खात्यावरून आजोबांची परवानगी गेली की तपासणीत हमखास प्रश्न येतो. आणखी एक काळजी घ्यावी : परवाना फक्त कॉपीराइटपुरता असतो. सातपुड्यातील भोंगऱ्या बाजारात काढलेल्या छायाचित्रात ज्यांचे चेहरे ओळखू येतात, त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न परवान्याने सुटत नाही. त्यांना विचारूनच छायाचित्र प्रसिद्ध करावे.

श्रेय न देता कोणी मजकूर वापरला तर त्याचा परवाना आपोआप संपतो, आणि चूक कळल्यापासून ३० दिवसांत त्याने ती सुधारली तर तो पूर्ववत होतो. म्हणून पहिले पाऊल साध्या पत्राचे असावे. त्यात कृतीचे नाव, परवाना आणि हवा असलेला श्रेयाचा नेमका मजकूर लिहावा. शिक्षकांच्या पुस्तिकेसाठी आम्ही तो मजकूर आधीच ठरवून ठेवला. पहिल्या ओळीत त्यांचे नाव आहे, आणि दुसऱ्या ओळीत ‘ओव्या सांगणार’ असे लिहून त्यांच्या आईचे.