क्लीन आर्किटेक्चर : बॅकएंडमधील वापर

बिझनेस लॉजिक (व्यवसायाचे नियम सांभाळणारा कोड) डेटाबेस, फ्रेमवर्क व नेटवर्क यांपासून अलग ठेवणारी कोडची मांडणी. रॉबर्ट सी. मार्टिन यांनी २०१२ मध्ये ती या नावाने मांडली. २०१७ मध्ये त्यांचे त्यावरील पुस्तक निघाले. कल्पना त्याआधीची आहे. ॲलिस्टर कॉकबर्न यांचे हेक्सागोनल (२००५) आणि जेफ्री पालेर्मो यांचे ओनियन आर्किटेक्चर (२००८) ही तिची थोरली भावंडे.

आकृतीत एकात एक चार वर्तुळे असतात; आत व्यवसायाचे नियम, बाहेर डेटाबेस व फ्रेमवर्क. नियम एकच : अवलंबित्व बाहेरून आत जाते, आतल्या कोडला बाहेरच्याचे नावही ठाऊक नसते. वर्तुळे चारच हवीत असे खुद्द मार्टिनही म्हणत नाहीत; तरी अनेक प्रकल्पांत पहिल्याच दिवशी चार फोल्डर उभे राहतात आणि प्रत्येक क्लासला एक इंटरफेस (कोणती कामे होतात एवढेच सांगणारा करार) चिकटतो.

मग ग्राहकाच्या नोंदीत पिनकोडचा रकाना वाढवायचा, तर रिक्वेस्टचा डीटीओ (माहिती वाहून नेणारा क्लास), युज केसचा (एक काम पार पाडणाऱ्या कोडचा) इनपुट, एन्टिटी (नियम बाळगणारा आतला क्लास), टेबलाचे मॉडेल आणि एकातली माहिती दुसऱ्यात भरणारे मधले दोन मॅपर अशा सहा फाइलींना हात लागतो. त्यांत निर्णय घेणारी ओळ एकही नसते. नुसती माहिती भरायची नि दाखवायची अशा मास्टर नोंदींसाठी कंट्रोलरमधून (रिक्वेस्ट घेणाऱ्या कोडमधून) थेट ओआरएम (क्लास आणि टेबल जोडणारी लायब्ररी) वापरलेला बरा.

‘माल सात दिवसांत परत आला तरच पूर्ण रक्कम’ या नियमाचे तसे नाही. तो एपीआय, ॲडमिनचा स्क्रीन आणि रात्री आपोआप चालणारा जॉब अशा तिघांना लागतो. कंट्रोलरमध्ये लिहिला की त्याच्या तीन प्रती होतात आणि दुरुस्ती दोनच ठिकाणी होते. साध्या क्लासमध्ये ठेवून आजची तारीखही बाहेरून दिली, तर आठव्या दिवसाची टेस्ट डेटाबेस न लावता चालते.

इंटरफेस पेमेंट गेटवे, एसएमएस अशा परक्या सेवांपाशी कामाला येतो. ‘उद्या पोस्टग्रेस सोडून मोंगो हा डेटाबेस घेऊ’ हे रिपॉझिटरीचे (डेटाबेस झाकणाऱ्या इंटरफेसचे) नेहमीचे समर्थन; तो उद्या क्वचितच उजाडतो, आणि उजाडला तरी ट्रॅन्झॅक्शनमधला फरक इंटरफेसमागे झाकत नाही. अहवालांसाठी तर सरळ एसक्यूएल लिहावे. एन्टिटीवर जेपीएची (जावातील ओआरएमच्या मानकाची) ॲनोटेशने, म्हणजे टेबलाशी जोडणाऱ्या खुणा, लागली की तिचे सोवळे मोडले, असे मानणारे आहेत. दुसरे मॉडेल नि मॅपर लिहिण्याचे काम वाचते म्हणून पुष्कळजण ही तडजोड पत्करतात.

मात्र डेडलाइनच्या आठवड्यात कुणीतरी एन्टिटीत एचटीटीपी रिक्वेस्टचा क्लास इम्पोर्ट करतोच. फोल्डरची नावे त्याला अडवत नाहीत. जावामध्ये आर्कयुनिट ही लायब्ररी वापरून असे इम्पोर्ट टेस्टमध्येच पकडता येतात, आणि बिल्ड तिथेच फेल होते.